विद्यापीठ नेमकं कोणाचं? मुंबईच्या कायद्याचं की दिल्लीच्या नियमांचं?

पाणंद

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण तीन ठिकाणी विचारून तीन उत्तरं मिळाली म्हणून इथे टाकतोय.

मुलगी तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं, त्यातली तिची पहिलीच तुकडी. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेत "चार वर्षांची ऑनर्स पदवी" असं ठळक छापलं होतं. आता चौकशीला गेलो तर ऑफिसात म्हणतात, "चौथ्या वर्षाचं विद्यापीठाकडून यायचंय." विद्यापीठात ओळखीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "शासनाकडून यायचंय." एका प्राध्यापकांनी तर हातच झटकले, "हे सगळं यूजीसीचं. शासनाचा काय संबंध?" (यूजीसी म्हणजे दिल्लीचा विद्यापीठ अनुदान आयोग.)

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ सापडली: "सर्व प्रवेश राज्य शासन, विद्यापीठ व विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या वेळोवेळीच्या नियमांस अधीन राहतील."

मी ग्रामपंचायतीत काम केलेला माणूस. तिथे निदान माहीत असतं की पंचायत समिती वर, जिल्हा परिषद तिच्या वर आणि आपण सगळ्यांच्या खाली. इथे वर कोण? या तिघांचं जुळलं नाही तर कोणाचं चालतं?

बटाटावडा_फॅन

वर कुलपती. कुलपतींच्या वर पंखा.

काळी_शाई

पाणंद, तुमचा प्रश्न साधा नाही हो. एका विद्यापीठाच्या कार्यालयात एकतीस वर्षं आवक-जावक, संलग्नता आणि शेवटी परीक्षा विभाग अशी नोकरी केली, तरी याचं एका ओळीतलं उत्तर मला देता येणार नाही. पण टेबलावरून काय दिसायचं ते सांगतो.

टपालात तीन जातींचे कागद येत. पहिला शासन निर्णय. वर राजमुद्रा, "वाचा" म्हणून मागच्या सात-आठ निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, आणि खाली "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". यात पैसा, पदं, आरक्षण, फी असे विषय. दुसरा यूजीसीचा. इंग्रजीत, अतिशय नम्र, कुलगुरूंना "विनंती" करणारा. त्या विनंतीला नाही म्हणता येत नाही हे नवीन कुलगुरूंना साधारण दोन महिन्यांत कळायचं. तिसरा कागद आमचाच, म्हणजे विद्यापीठाचं परिपत्रक. पहिल्या दोघांत न जुळणारं काही असेल तर आमचे साहेब परिपत्रकात दोन्हींचा संदर्भ देऊन खाली लिहीत, "वरीलप्रमाणे उचित कार्यवाही करावी." उचित म्हणजे काय ते कॉलेजच्या हेडक्लार्कने ठरवायचं.

आता कायदा. विद्यापीठ जन्माला घालतो तो विधिमंडळाचा कायदा. मुंबई विद्यापीठ १८५७ च्या कायद्याने झालं, पुण्याचं १९४८ च्या कायद्याने होऊन १९४९ मध्ये सुरू झालं. पूर्वी प्रत्येकाचा वेगळा कायदा असे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने सगळ्यांना एका कायद्याखाली आणलं आणि आता आहे तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. लागू झाला १ मार्च २०१७ पासून. अधिसभा (म्हणजे सिनेट), व्यवस्थापन परिषद, विद्वत परिषद, अभ्यास मंडळं, अधिष्ठाते, चार विद्याशाखा, सगळं त्यात. कृषी विद्यापीठं आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यात येत नाहीत, त्यांचे कायदे वेगळे.

म्हणजे सांगाडा मुंबईचा. पण त्या सांगाड्याने दिलेली पदवी "पदवी" म्हणून धरायची की नाही, ते यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं. तो संसदेचा कायदा. मूल राज्याचं, जन्मदाखला दिल्लीचा, असा प्रकार आहे.

वऱ्हाडी_ठेचा

अन् बारशाचा खर्च बापाकडं.

निमवकील

काळी_शाई यांनी बरोबर सांगितलंय. त्यात घटनेचा मसाला टाकतो. ज्यांना झोप येत असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. शिक्षण मुळात राज्यसूचीत होतं, ११ वी नोंद. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते तिथून उचललं आणि समवर्ती सूचीत २५ व्या नोंदीत बसवलं. तेव्हापासून दोघंही कायदे करू शकतात. "विद्यापीठांची स्थापना" मात्र अजूनही राज्यसूचीत, नोंद ३२. आणि केंद्राच्या यादीत ६६ वी नोंद आहे: उच्च शिक्षणातल्या दर्जाचं निर्धारण आणि समन्वय. एवढीच. सगळी भांडणं या "दर्जा" शब्दावर चालतात, कारण दर्जाशी संबंध नाही असं विद्यापीठात काय आहे? कुलगुरू कसा निवडायचा हा दर्जाचा विषय, प्राध्यापकाची पात्रता दर्जाचा विषय, तुमच्या मुलीचं चौथं वर्षही दर्जाचाच विषय.

याची सुरुवात एका मराठी मुलापासून झाली हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६० साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात एक मुलगा दाखल झाला. मातृभाषा मराठी, शालान्त परीक्षाही मराठीतून दिलेली. कॉलेजात तो इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत बसला. गुजरात विद्यापीठाचा नियम होता की आता शिकवायचं ते गुजरातीतून किंवा हिंदीतून, त्यामुळे पुढच्या वर्गात इंग्रजी तुकडी द्यायला नकार मिळाला. वडील कोर्टात गेले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विद्यापीठाला अशी एकाच माध्यमाची सक्ती करता येणार नाही, आणि जिथे दर्जा-समन्वयाचा प्रश्न येतो तिथे केंद्राची नोंद वरचढ. वडिलांच्या नावावरून तो "मुधोळकर खटला" म्हणून आजही प्रत्येक सुनावणीत निघतो. एका मराठी पोराला गुजरातीतून शिकायचं नव्हतं, त्याचं बिल सगळी राज्यं साठ वर्षं भरतायत.

बटाटावडा_फॅन

मराठीत शालान्त देऊन इंग्रजीसाठी भांडला. म्हणजे परंपरा जुनी आहे.

स्पष्टच_सांगतो

वरच्या सूरावरून असं वाटतंय की दिल्ली आली आणि सगळं बिघडलं. जरा दुसरी बाजू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कुलगुरू व्हायला प्राध्यापक म्हणून दहा वर्षं हवीत आणि शोध समितीत यूजीसीचा एक माणूस हवा. यात वाईट काय? गुजरातमध्ये सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये रद्द केली. राज्याच्या कायद्यात शिथिल पात्रता होती, शोध समिती नियमाप्रमाणे नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठात तेच. समितीने एकच नाव पाठवलं होतं, एकच! राज्यांवर सोडलं तर आपापली माणसं बसवणार.

निमवकील

@स्पष्टच_सांगतो, नियम चांगला की वाईट हा मुद्दा वेगळा. २०१५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की यूजीसीचे हे नियम राज्याने स्वीकारल्याशिवाय राज्य विद्यापीठांवर बंधनकारक नाहीत. सात वर्षांत "स्वीकारलं तर" चं "असतातच" झालं. आणि ते नियम म्हणजे संसदेने चर्चा करून केलेला कायदा नव्हे, कायद्याखाली आयोगाने बनवलेली नियमावली. दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदारांनी मत देऊन केलेल्या कायद्यावर ती भारी पडते. मला हे पटत नाही, पण आज कायदा हाच आहे. आपल्याकडेही त्यानंतर शोध समितीत यूजीसीचा प्रतिनिधी घ्यावा लागला.

स्पष्टच_सांगतो

आमदारांनी मत देऊन काय केलं तेही सांगा की. डिसेंबर २०२१ ची दुरुस्ती. शोध समितीने पाच नावं सरकारला द्यायची, सरकारने त्यातली दोन राज्यपालांकडे पाठवायची. वर उच्च शिक्षण मंत्री म्हणजे प्र-कुलपती!

काळी_शाई

ती दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, पण राज्यपालांची सही काही झाली नाही. पुढे सरकार बदललं आणि विधेयक मागे घेतलं गेलं. त्या दिवसांत आमच्या ऑफिसात एक विनोद होता की प्र-कुलपतींची पाटी रंगवून तयार आहे, फक्त खिळा दिल्लीहून यायचाय.

(राजकारण नको, संपादक रागावतील.)

संपादक

रागावलेलो नाही. पण पक्षांची नावं आली की धागा वाचनमात्र होईल, एवढं लक्षात असू द्या.

मनोरमा_क

मी या विषयावर लिहिणार नव्हते, पण "स्वीकारलं तर" वाचून राहवलं नाही.

१९९३ मध्ये एमएची गुणपत्रिका हातात आली आणि त्याच जूनमध्ये मी एका ग्रामीण कॉलेजात मराठीची अधिव्याख्याता म्हणून लागले. जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, सगळं रीतसर. १९ सप्टेंबर १९९१ पासून यूजीसीने नेट, म्हणजे अधिव्याख्यात्यांसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, सक्तीची केलेली होती. आमच्याकडे जाहिरातीत तसं असायचं नाही, किंवा "उमेदवार न मिळाल्यास" असं काहीतरी असायचं. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट, म्हणजे तशीच राज्य पातळीवरची परीक्षा, पुणे विद्यापीठाने सुरू केली तीच मुळी १९९५ मध्ये. म्हणजे मी लागले तेव्हा मराठीत द्यायची राज्याची परीक्षाच अस्तित्वात नव्हती!

पुढे आम्ही सगळे "१९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० मधले बिगर नेट-सेट" झालो. हे आमचं जवळजवळ आडनावच. लग्नपत्रिकेत छापायचं बाकी होतं. राज्य म्हणे, दिल्लीचा नियम आहे. दिल्ली म्हणे, नेमणूक राज्याने केली. विद्यापीठ म्हणे, आम्ही मान्यता दिली होती पण तेव्हा. वेतनवाढ नाही, बढती नाही. एकदा वरिष्ठ वेतनश्रेणीची फाइल घेऊन गेले तर समोरच्या माणसाने पहिल्याच पानावरची नेमणुकीची तारीख पाहिली, फाइल मिटली, आणि माझ्याकडे न बघता बाजूच्याला म्हणाला, "अजून एक मधली."

मग २०१३ चा परीक्षांवरचा बहिष्कार, आणि २७ जून २०१३ चा शासन निर्णय: सेवा त्या तारखेपासून नियमित. म्हणजे वीस वर्षं शिकवून मी त्या दिवशी नोकरीला लागले. आधीची वर्षं कुठे गेली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी हिशोब मांडणं सोडून दिलं.

पाणंददादा, वर कोण ते मला नाही सांगता येणार. खाली कोण असतं ते सांगितलं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, "अजून एक मधली" वाचून हात थांबला. माझा काकाबी त्यातलाच. २०१३ नंतर चारच वर्षं नोकरी झाली, मग रिटायर.

स्पष्टच_सांगतो

मनोरमाताई, हे वाईट झालं. पण मूळ चूक जाहिरात काढणाऱ्यांची नाही का? नियम १९९१ पासून होता.

मनोरमा_क

असेल. पण जाहिरात काढणाऱ्याचं निवृत्तिवेतन अडलं नाही.

तासिकावाला

ताईंच्या काळात निदान नोकरी होती. मी नेट, सेट, पीएचडी तिन्ही असलेला "तासिका तत्त्वावरचा". या वर्षी तीन कॉलेजं, सोमवार-मंगळवार एक, बुधवार-गुरुवार दुसरं, शनिवारी तिसरं. शुक्रवारी मी बेरोजगार असतो.

या धाग्यात सगळे अधिकारावर बोलताय, पैशावर बोला. अनुदानित कॉलेजच्या पगाराचा पैसा राज्याचा. नवीन पद भरायचं तर वित्त विभागाची मान्यता राज्याची. यूजीसी पात्रता ठरवते, तासांचा भार ठरवते, वेतनश्रेणी सुचवते. सहाव्या वेतन आयोगात केंद्राने वाढीव खर्चाचे ८० टक्के दिले, तेही ३१ मार्च २०१० पर्यंतच. सातव्यात ५० टक्के आणि ३९ महिने. नंतरचा भार कायमचा राज्यावर. मग राज्य काय करणार? पदच भरत नाही. रिकाम्या पदाला वेतन आयोग लागत नाही!

तिथे मी येतो. धोरण दिल्लीचं, मेजर-मायनर-ओपन इलेक्टिव्ह अशी टोपली भरून विषय, आणि शिकवायला तासाच्या हिशोबावर माणूस. गेल्या सत्रात मला "भारतीय ज्ञान परंपरा" हा पेपर दिला. मी भूगोलाचा. विचारलं, हा मला का? तर, "तुमचे तास कमी भरत होते."

बटाटावडा_फॅन

शुक्रवारी ज्ञान, इतर दिवशी परंपरा.

माडाची_सावली

आमच्या गोव्यात या मानाने सुटसुटीत. एकच राज्य विद्यापीठ, १९८४ चा कायदा, त्याआधी सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. बाबांच्या पदवीवर मुंबईचा शिक्का आहे, माझ्या पदवीवर गोव्याचा, दोघं शिकलो एकाच इमारतीत. सेटसाठी मात्र अजून पुण्याच्याच परीक्षेला बसतो. तासिकावाले इकडेही आहेत, नाव वेगळं: "लेक्चर बेसिस".

वडोदरेकर

तुम्ही लोक अधिसभा, निवडणुका असं काय काय लिहिताय ते वाचून मला असूया वाटली. आमच्याकडे ते दुकान बंद झालं.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा स्वतःचा १९४९ चा कायदा होता, सिनेट होती, सिंडिकेट होती. पदवीधरांच्या निवडणुकीला आमच्या दांडिया बाजाराच्या गल्लीत प्रचाराला लोक मराठीतून बोलायला यायचे. २०२३ मध्ये गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, अकरा विद्यापीठं एका कायद्याखाली. सिनेट गेली, सिंडिकेट गेलं, त्या जागी नेमलेलं व्यवस्थापन मंडळ. म्हणजे यात दिल्लीने काही केलं नाही बरं का. राज्यानेच केलं. निमवकीलसाहेब, राज्याची स्वायत्तता म्हणजे विद्यापीठाची स्वायत्तता असं जे वरून ध्वनित होतंय, ते तपासून घ्या.

निमवकील

मान्य. हा फरक मी पुसट केला होता.

काळी_शाई

वडोदरेकर, आमच्याकडे अधिसभा आहे, पण असूया वाटण्याइतकी नाही. नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून येतात. नोंदणी करा, पदवीची प्रत जोडा, मग मतपत्रिकेवर एक-दोन-तीन असे पसंतीक्रम टाका. निम्मे पदवीधर सवयीने बरोबरची खूण करतात आणि मत बाद. एकदा मतमोजणीला होतो, एका मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे लिहिलेलं: "मुलगा हुशार आहे."

आणि ही निवडणूक वेळेवर होईलच असं नाही. मुंबई विद्यापीठाची पदवीधर गटाची निवडणूक आधी २०२३ मध्ये थांबली. मग सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना शासनाच्या पत्रावरून पुन्हा पुढे ढकलली. उच्च न्यायालयाने कान धरला तेव्हा २४ सप्टेंबरला मतदान झालं. कायद्यात मुदत पाच वर्षांची लिहिलेली असते. तसं कायद्यात हेही लिहिलंय की निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा.

वऱ्हाडी_ठेचा

४५ दिवस कोणत्या कॅलेंडरचे? ब्रह्मदेवाच्या?

सॅनहोजेची_सून

विषयांतर होतंय, पण इथे कॅलिफोर्नियातही अगदी हेच भांडण आहे, म्हणून लिहिते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला राज्याच्या घटनेतच स्थान आहे. कारभार रीजंट्सच्या, म्हणजे तिथल्या नियामक मंडळाच्या हातात, आणि विधिमंडळाला त्यांच्यावर फार थोड्या बाबतींत हुकूम चालवता येतो. त्यामुळे इथल्या कायद्यांत एक गंमत दिसते. एकाच कलमात कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने अमुक "करावे" असं असतं आणि पुढच्याच ओळीत यूसीच्या रीजंट्सना तसं करण्याची "विनंती". काळी_शाईंच्या यूजीसीसारखी विनंती नव्हे, खरीखुरी विनंती. अर्थात वार्षिक अनुदान विधिमंडळ देतं, त्यामुळे विनंती सहसा ऐकली जाते. :)

संघराज्याचा कायदा मात्र थेट घरात शिरतो. आमचा मोठा एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो त्यावर. राज्याच्या नियमात तो कॅलिफोर्नियाचा रहिवासी धरला जाऊ शकतो, म्हणजे फी कमी. पण संघराज्याची शैक्षणिक मदत त्याला नाही, कारण तिथे तो पात्र परदेशीयांत बसत नाही. एकवीस वर्षांचा झाला की एच-४ सुद्धा संपतो. एकाच मुलाला एक सरकार "आपला" म्हणतं आणि दुसरं "पाहुणा". पुतण्या नागरिक आहे, त्याला वाटलं आपण सुटलो. तर २०२५ च्या जुलैमधल्या मोठ्या कायद्याने पदव्युत्तरचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नवीन लोकांना बंद. आता त्याच्या मास्टर्सच्या खर्चाच्या वहीत दर आठवड्याला एक पान फाडलं जातं.

बटाटावडा_फॅन

तिकडेही "वेळोवेळीच्या नियमांस अधीन" छापतात का?

सॅनहोजेची_सून

छापतात हो. अगदी त्याच आकाराच्या अक्षरात.

स्पष्टच_सांगतो

परत घरी येऊ. तासिकावाल्यांचा पैशाचा मुद्दा मला मान्य आहे, मी वर तो सोडला होता. जो नियम करतो त्याने खर्चात वाटा द्यावा, हे कोणालाही पटेल. रुसा आणि आता पीएम-उषा या केंद्राच्या उच्च शिक्षणासाठीच्या योजनांत आपल्यासारख्या राज्यांसाठी ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असं आहे, पण ते मुख्यतः इमारती, प्रयोगशाळा, उपकरणं यांना. नेहमीच्या पगाराला नाही.

तासिकावाला

आमच्या दुसऱ्या कॉलेजात त्या पैशातून स्मार्ट बोर्ड आला. सुंदर आहे. चालू करायचा पासवर्ड ज्या सरांकडे होता ते मे महिन्यात निवृत्त झाले, पद रिक्त.

निमवकील

नवीन काय येतंय तेही नोंदवून ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नियमांचा मसुदा काढला. कुलगुरू उद्योग किंवा प्रशासनातूनही येऊ शकेल आणि शोध समिती कुलपती, म्हणजे बहुतेक राज्यांत राज्यपाल, नेमतील. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक वगैरे राज्यांनी जोरदार विरोध केला. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक आलं. यूजीसी, एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची परिषद) आणि एनसीटीई (शिक्षक-प्रशिक्षणाची परिषद) तिन्ही जाऊन एकच अधिष्ठान. ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं.

तमिळनाडूचंही सांगायला हवं. तिथल्या विधेयकांत बरीचशी कुलगुरूंच्या नेमणुकीचीच होती. राज्यपालांनी ती अडवून ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा विधेयकांना संमती मिळाल्याचंच धरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर घटनापीठाने सांगितलं की अशी "मानीव संमती" घटनेत बसत नाही.

काळी_शाई

तीन आयोग जाऊन एक आला तर आवक नोंदवहीतले दोन रकाने वाचतील. माझा विरोध नाही. :)

पाणंद

सगळ्यांचे आभार. पाच दिवस रोज रात्री वाचतोय, घटनेपासून कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन आलो. पण मुलगी विचारते, "बाबा, चौथं वर्ष आहे की नाही?"

काळी_शाई

हा हा, खरंय. मूळ प्रश्न राहिलाच. आता कामाचं ऐका.

चौथं वर्ष यूजीसीच्या आराखड्यात आहे आणि राज्याने ते स्वीकारलंय. तिथे भांडण नाही. पण ते *तुमच्या* कॉलेजात आहे का, हे विद्यापीठाच्या मान्यतेवर ठरणार आणि ती मान्यता माणसं, प्रयोगशाळा बघून मिळते. कॉलेजात रसायनशास्त्राचं एमएस्सी आहे का? मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती? संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. हे सगळं लेखी विचारा, तोंडी विचारू नका. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट.

तासिकावाला

आणि घाबरू नका. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, मग दोन वर्षांचं एमएस्सी. चार वर्षं केली तर एमएस्सी एक वर्षाचं. दोन्हीकडून पाचच वर्षं. चौथं वर्ष दुसऱ्या कॉलेजात करायचं झालं तर श्रेयांक (क्रेडिट) एबीसी खात्यातून, म्हणजे श्रेयांक जमा ठेवायच्या ऑनलाइन बँकेतून, नेता येतात. पण त्यासाठी खात्यात ते जमा झालेले हवेत. आमच्याकडे निम्म्या मुलांचे दिसत नाहीत.

मनोरमा_क

तिला विचारा तिला काय करायचंय. प्रयोगशाळेत रमत असेल तर चौथं वर्ष नाहीतर एमएस्सी, जिथे शिकवणारी माणसं कायमची आहेत तिथे पाठवा. प्रवेश घेण्याआधी स्टाफरूममध्ये डोकावून बघा. नावांच्या पाट्या रंगवलेल्या आहेत की कागदावर छापून चिकटवलेल्या, त्यावरून कळतं.

पाणंद

काल कॉलेजात जाऊन आलो. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का जरा पुसट उमटलाय. हेडक्लार्क बाई भल्या आहेत. त्यांनी कपाटातून फाइल काढून तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले: शासन निर्णय, यूजीसीचं पत्र, विद्यापीठाचं परिपत्रक. तिन्हींत चौथं वर्ष आहे. म्हणाल्या, "दादा, आमच्या केमिस्ट्रीला कायम सर एकच, तेही पुढच्या वर्षी रिटायर होतायत. मान्यता मागायची तरी कशाच्या जोरावर?"

येताना स्टाफरूममध्ये डोकावलो, मनोरमाताई. पाच पाट्या. एक रंगवलेली, चार कागदाच्या.

मुलगी म्हणते तीन वर्षं करून एमएस्सीला मोठ्या गावी जाते. एबीसी खातं उघडून बघितलं तर दुसऱ्या सत्राचे श्रेयांक दिसत नाहीयेत.

तासिकावाला

आधारवरचं नाव आणि कॉलेजकडचं नाव सारखं आहे का बघा. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, एवढ्यावरून अडतं.

पाणंद

आधारवर आडनाव शेवटी आहे, कॉलेजात आधी. उद्या परत जातो.

वऱ्हाडी_ठेचा

जाताना शिक्क्याचं पॅड घेऊन जा भाऊ.